आंबूताईंचे चिंचोके

आंबूताईंच्या पडवीत डिक्शनरीला बंदी होती. चपला बाहेर, छत्री बाहेर आणि डिक्शनरीही बाहेर. पहिल्या दिवशी मी ती मोठ्या ऐटीत काखेत मारून नेली होती. ताईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि अंगणातल्या कट्ट्याकडे बोट करून म्हणाल्या, "तिथं ठेव तिला. ऊन खाऊ दे जरा."

त्या दिवसापासून माझं इंग्रजी सुरू झालं. त्याआधी हायस्कुलात झालं ते पाठांतर. फळ्यावर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. मी ते धडाधड म्हणून दाखवायचो, आणि पुस्तक समोर आलं की तेच शब्द अनोळखी माणसांसारखे बघत राहायचे. इंग्रजीत नापास झालो तेव्हा बा म्हणाला, "बास झालं. आता औताला लाग." विंझरच्या पुढं डोंगराच्या पोटाला आमची वाडी. तिथून हायस्कुलापर्यंत पोचलेला मी पहिला. मागं फिरलो असतो तर दुसरा कुणी कधी निघाला असता कोण जाणे.

भोरला मी मावशीकडं राहायचो. मावशी चार घरची धुणीभांडी करायची. त्यातलं एक घर ताईंच्या भावाचं. भाऊ संस्थानच्या कचेरीत कारकून, सगळे त्यांना दादा म्हणत. ताई लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि त्या पदराखाली नाकावर घसरणारा चष्मा. भोरात तेव्हा चष्मा लावणारी बाईच विरळा, आणि आलवणातली बाई चष्मा लावून इंग्रजी पुस्तक वाचते म्हटल्यावर लोक काय बोलत ते मी इथं लिहीत नाही. ताई पस्तिशीच्या असतील. मला म्हाताऱ्या वाटायच्या.

मावशीनं मला पुढं ढकललं. "ताई, ह्ये आमचं किसन. मराठी झकास वाचतंय, पर इंग्रजीत लई आपटतंय बगा. तेवढं वाईच हात द्या."

"मी हात देत नाही," ताई म्हणाल्या. "अर्थ सांगणार नाही. नुसतं वाचायचं असेल तर बस."

"आन् अर्थ न्हाई सांगितला तर त्याला कळायचं कसं वो?"

"तुम्ही भोरात आलात तेव्हा घराघरांवर पाट्या होत्या का हो, हे अमक्याचं, ते तमक्याचं?"

"न्हाई बा."

"मग कळलंच ना? येता-जाता कळलं. तसंच."

त्यांची रीत अशी. पितळेच्या वाटीत चिंचोके असायचे. पान उघडायचं आणि वाचत सुटायचं. शब्द अडला की त्याच्यावर एक चिंचोका ठेवायचा आणि पुढं जायचं. विचारायचं नाही, तोंड वर करायचं नाही. पान संपलं की पुन्हा वरून. या खेपेला एखादा चिंचोका सहज उचलता यायचा, कारण आसपासच्या शब्दांनी चुगली केलेली असायची. जो उचलता यायचा नाही, तो पुढच्या पानावर आपल्याबरोबर न्यायचा. तोच शब्द पुढं दुसऱ्या सोबतीत भेटेल, तेव्हा ओळख पटेल. पानावर फारच चिंचोके झाले तर ताई पुस्तक मिटायच्या. "हे पान कच्चं आहे. आढीत राहू दे," म्हणायच्या, आणि दुसरं सोपं काही काढायच्या. पुस्तक कच्चं म्हणायच्या, मला कधी कच्चा म्हणाल्या नाहीत. हा फरक कळायला मला स्वतः मास्तर व्हावं लागलं.

एकदा एका शब्दावर मी हट्टाला पेटलो. 'रिलक्टंट'. गलबतावर घोडे चढवण्याचा प्रसंग होता. फळीवर पाय ठेवायला एक घोडा तयार नाही, चार खलाशी त्याला ओढताहेत, आणि घोडा रिलक्टंट. मी चिंचोका ठेवला. पुढं काही पानांवर एक पोरगा आईला सोडून गलबतावर निघतो, तोही रिलक्टंट. चिंचोका हललाच नाही. मग कप्तान कुणाची तरी विनंती ऐकून मान हलवतो, आणि ती मान हलवणंही रिलक्टंट.

"ताई, आता सांगाच. डोकं फिरलं माझं."

"असं कर. हे तिघं एका बाकावर बसव. घोडा, पोरगा, कप्तान. तिघांच्यात सारखं काय?"

मी म्हणालो, "आमचा ढवळ्या बैल असाच करतो. गुंजवणीला पाणी चढलं की काठावर चारी पाय रोवून उभा. जातो शेवटी, पण मनात नसतं त्याच्या."

ताईंनी चष्मा वर सारला. "आणखी कुणाला बघितलंस असं?"

"बाला. मला हिकडं धाडताना. सडकेपर्यंत आला, आणि पिशवी काही हातातनं सोडंना."

हात लांब करून ताईंनी तो चिंचोका उचलला आणि वाटीत टाकला. मी पुढं पुष्कळ इंग्रजी वाचलं. पण तो शब्द आला की मला अजून सडक दिसते, आणि पिशवीचा बंद घट्ट धरलेली बाची मूठ.

ताईंना ही रीत कुणी शिकवली नव्हती. त्यांचे वडील तात्या संस्थानात इंग्रजी पत्रव्यवहार लिहायला होते. पुण्याच्या एका गोऱ्या साहेबानं बदली होताना त्यांना पुस्तकांची पेटी दिली, आणि पुस्तकं घरी आली त्याच सुमारास तात्यांचे डोळे जायला लागले. ताई नुकत्याच माहेरी आलेल्या, काम ना धंदा. तात्यांनी त्यांना अक्षरं शिकवली आणि वाचायला बसवलं. पोरगी वाचतेय, तिला ओ की ठो कळत नाही, आणि म्हातारा डोळे मिटून ऐकतोय. ताई विचारायच्या, "तात्या, म्हणजे काय?" तात्या गोष्टीत रंगलेले. म्हणायचे, "थांबू नकोस गं. पुढं वाच, कळेल." ताई सांगायच्या, "दोनएक वर्षं मी भिंतीला वाचून दाखवत होते म्हण. मग एक दिवस वाचता वाचता मला हसू आलं. विनोद होता तिथं. तात्यांनी डोळे उघडले. दिसत नव्हतं त्यांना, तरी माझ्याकडं बघितलं."

पेटीतलं एक पुस्तक बागकामाचं, एक घोड्यांच्या आजारांचं, बाकीची गोष्टींची. घोड्यांच्या पोटदुखीवर माझं इंग्रजी त्यामुळं आजही पक्कं आहे. पण ताईंचं खरं पुस्तक एकच, समुद्रावरच्या सफरीचं. पाठीची शिवण उसवलेली, ताईंनी पुन्हा सुईनं टाचलेली. समुद्राबद्दल इंग्रजीत जेवढे शब्द असतील तेवढे त्यांना येत असावेत. लाट फुटण्याआधी तिला काय म्हणतात, फुटल्यावर काय, भरतीचं पाणी, ओहोटीचं पाणी, किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणी, सगळ्यांना वेगवेगळी नावं, आणि एकही नाव त्यांनी कुणाला विचारून घेतलेलं नव्हतं.

आणि समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. भाटघरच्या धरणापलीकडं त्या कधी गेल्याच नव्हत्या. वरंधा घाट उतरला की खाली कोकण, तिथून दिवसाभराचा खेळ म्हणतात, पण आलवणातल्या बाईला घाट उतरायला निमित्त लागतं. निमित्त होतंही. त्यांचं कुलदैवत कोकणात, समुद्राच्या काठावरच. दादा दर वर्षी म्हणायचे, "यंदा जाऊ." यंदा मुलाची मुंज निघायची, यंदा कचेरीत तपासणी यायची, यंदा वहिनींना दिवस जायचे. दादा वाईट माणूस नव्हता. बहिणीला जन्मभर सांभाळलं त्यानं. फक्त बहिणीला काही हवं असेल हे त्याच्या ध्यानात येत नसे.

मग ताई येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारायच्या. कोकणातून घाट चढून नारळ, कोकमं घेऊन माणसं भोरच्या बाजाराला येत. दारात आलं कुणी की ताई नारळ वाजवून बघता बघता विचारायच्या, "समुद्राजवळचे का तुम्ही?"

"व्हय. लागूनच घर."

"कसा असतो हो?"

"कसा म्हंजे? पानीच हाय की, बाई. लई पानी."

तो गेला की ताई नारळ खाली आपटायच्या. "माणसं डोळे घेऊन जातात आणि तसेच कोरे परत आणतात!"

आता एक गोष्ट लिहून टाकतो. मी त्या घराच्या पडवीतच बसलो. माजघराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही, आणि ये म्हणून त्याही कधी म्हणाल्या नाहीत. पाण्याचं भांडं माझं वेगळं होतं. त्याचा राग तेव्हा आला होता, आज शमलाय असं खोटं कशाला सांगू? पण त्या पडवीत एक अर्धी भिंत होती. भिंतीच्या आत सोवळं आणि बाहेर मी, आणि पुस्तक त्या भिंतीवर उघडं, दोघांच्या मधोमध. पान उलटताना त्यांचं बोट आणि माझं बोट एकाच कागदावर असायचं. नंतर त्या आंघोळ करत असतील तर करोत. पान मात्र त्यांनी कधी पुसलं नाही.

मॅट्रिक झालो. पुण्याला कॉलेजात गेलो. पहिल्याच सहामाहीत प्रोफेसरांनी एक अवघड उतारा दिला आणि एका शब्दाचा अर्थ विचारला. मी उठलो, आधीची ओळ आणि पुढची ओळ धरून अर्थ सांगितला. बरोबर निघाला. मग प्रोफेसर म्हणाले, "आता उतारा मोठ्यानं वाचा." मी वाचला, आणि वर्ग असा हसला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. बेटाला मी 'इसलँड' म्हणालो होतो. ते तर काहीच नाही, पुढं त्याहून मोठे पराक्रम होते. कारण ताई इंग्रजी डोळ्यांनी शिकलेल्या. तात्यांनीही जन्मभर लिहिलं, बोलायची पाळी फारशी आली नाही. त्या घरात कुणाच्याच कानावर अस्सल इंग्रजी फारसं पडलं नव्हतं.

दिवाळीत भोरला गेलो तेव्हा हसत हसत मी हे सांगितलं. मला वाटलं ताई हसतील. त्या हातातली वात वळायच्या थांबल्या.

"म्हणजे मी तुला सगळे शब्द मुकेच दिले की रे."

"ताई, अर्थ पक्का दिलात. उच्चार काय, तो पुण्यात कुणीही देईल."

"आयलंड," त्या हळू म्हणाल्या. "आयलंड. मधला एस काय करतो मग तिथं? नुसता बसतो? दादासारखा?" आणि मग त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. "तात्या बापडे 'इसलँड' म्हणतच गेले!"

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी त्यांना उच्चार नेऊन द्यायचो, मुलीला माहेरच्या माणसानं खाऊ न्यावा तसे. पण सुट्टीगणिक एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. पुस्तक भिंतीवरून त्यांच्या नाकाजवळ आलेलं. ओळीच्या शेवटी पोचलं की पुढची ओळ सापडेना. दिवा जवळ आला, खिडकीशी जागा आली. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं काचबिंदू सांगितला. तात्यांना होता तोच. गेलेली नजर परत येत नाही, आणि राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. ताईंनी मला हे सांगितलं ते सुपारी कातरता कातरता, आणि मग म्हणाल्या, "कडेचं गेलंय, मधलं आहे अजून. नळकांड्यातून बघावं तसं दिसतं. वाचायचं ते वाचून झालंय माझं. एकच राहिलं." काय राहिलं ते मला विचारायची गरज नव्हती.

मी बी.ए. झालो. आमच्या वाडीतला पहिला. हे मी मिरवतो. बानं सडकेवरच्या मार्गासनीपर्यंत येऊन पेढे वाटले, तर मी का मिरवू नये? नोकरी लागली ती महाडच्या एका शाळेत, घाटाच्या पायथ्याशी. हजर होण्याआधी मी भोरला आलो आणि सरळ दादांपुढं जाऊन उभा राहिलो.

"दादा, मी कोकणात चाललोय. ताईंना कुलदैवताला घेऊन जाऊ का?"

दादांनी पान लावणं थांबवलं. "तू?"

"हो. मावशी येईल सोबत."

"लोक काय म्हणतील, किसन?"

"म्हणतील, दादांनी बहिणीला कुळस्वामीचं दर्शन घडवलं."

"पुढच्या वर्षी मीच नेणार होतो तिला..."

"पुढच्या वर्षी त्यांना दिसणार नाही."

आतल्या दारामागं बांगड्या वाजल्या, त्या वहिनींच्या. ताईंच्या हातात बांगड्या नव्हत्या. पण त्याही तिथंच असणार, कारण आत कुणी श्वास घेतल्याचाही आवाज नव्हता. दादा किती तरी वेळ पानाला चुना लावत राहिले. मला वाटलं, संपलं. पुन्हा 'यंदा नको' निघणार.

"देवाला वाहायला वस्त्र घेऊन जा म्हणावं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "आणि अभिषेक माझ्या नावानं कर म्हणावं."

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागं भट्टी, चढावर धाप. वरंध्याच्या माथ्यावर भट्टीत कोळसा भरायला ड्रायव्हरनं गाडी थांबवली. सकाळची वेळ, सगळं कोकण धुक्यानं भरलेलं, पांढरं, कडेपर्यंत सपाट, आणि त्यातून डोंगरांची टोकं वर आलेली. मावशीनं हात जोडले. "ताई, ह्योच का वो तुमचा समुद्र?"

ताईंनी मान वळवून नीट बघितलं. "नाही, मावशी. याला काठ नाही. आणि हा हलत नाही."

"तुमी कदी बगितलाय का?"

"नाही. पण हा तो नाही."

महाडहून पुढं दुसरी मोटार, मग होडीतून खाडी, मग बैलगाडी. खाडीत ताईंनी होडीच्या कडेवरून हात सोडून पाण्याला बोट लावलं आणि बोट जिभेला. होडीवाला म्हणाला, "खारं हाय, आजी." ताई म्हणाल्या, "अजून निम्मंच आहे."

आधी देवाला गेलो. ताईंनी वस्त्र वाहिलं, दादांच्या नावानं अभिषेक करवला, एकही विधी चुकवला नाही की घाईनं उरकला नाही. मी बाहेर उभा राहून तळमळत होतो. देवळामागून तो आवाज सारखा येत होता, आणि या बाई शांतपणे प्रदक्षिणा घालताहेत.

या सफरीनंतर ताईंना मी पुन्हा पाहिलं नाही. महाडच्या शाळेत मी अडकलो, घाट पावसात बंद झाला, आणि पावसाळा सरता सरता मावशीनं कुणाकडून तरी निरोप पाठवला की ताई तापानं गेल्या. डोळे आधीच गेले होते म्हणाली. आज इतक्या वर्षांनी मला आठवतो तो अर्ध्या भिंतीपलीकडून येणारा त्यांचा आवाज. घरात आता डिक्शनऱ्या आहेत, मोठ्या, जाड, सोनेरी अक्षरांच्या. शब्द अडला की हात तिकडं जातो. जाऊ देतो. पण मग पडवी आठवते आणि अर्थ बघूनही शब्द कळल्यासारखा वाटत नाही. 'पुढं वाच' म्हणणारं माणूस लागतं. ते एकदा गेलं की दुसरं मिळत नाही.

त्या दिवशी प्रदक्षिणा संपली आणि देवळाच्या मागल्या अंगाला आम्ही आलो. केवड्याच्या बनातून वाट उतरत होती. बन संपलं आणि समोर सगळा समुद्र. मावशी वाळूवर बसली. तिचं माहेर भाटघरच्या पाण्यात गेलेलं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "ह्याच्याखाली किती गावं गेली असतील, किसना?"

ताई थांबल्याच नाहीत. वहाणा काढल्या, आलवण घोट्याच्या वर धरलं आणि ओल्या वाळूवरून चालत राहिल्या, पहिल्या लाटेचं पाणी पायांवर येईपर्यंत. तिथं कोळ्यांची एक पोर शिंपल्या वेचत होती. तिनं मान वाकडी करून ताईंकडं बघितलं.

"आजी, पयल्यांदाच बगताव का दर्या?"

"नाही गं," ताई म्हणाल्या. "ओळख जुनी आहे."

पोर हसून निघून गेली. ताई उभ्या. त्यांना मधलं तेवढंच दिसत होतं, कडेचं काही नाही, म्हणून सगळा समुद्र एकदम बघता येत नव्हता. त्यांनी मान पार डावीकडं नेली, जिथं डोंगर पाण्यात शिरतो तिथवर, आणि तिथून आभाळ आणि पाण्याच्या रेघेवरून हळूहळू उजवीकडं सरकत आल्या. मध्ये कुठं तरी एक शीड होतं, तिथं जरा थबकल्या, पुढं गेल्या. उजव्या टोकाला पोचल्या. मग मान पुन्हा डावीकडं, आणि या खेपेला नजर थोडी खाली.

वर रस्त्यावर गाडीवान हाका मारत होता. मावशी उठली. "किसना, खाडीची होडी चुकंल रं. बोलीव की ताईस्नी."

मी म्हणालो, "थांब जरा. पान व्हायचंय त्यांचं."